माणूस गेल्यावर कर कोणी भरायचा, कशावर आणि किती

तेरावं होतं, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि मग कपाटातली फाइल खाली निघते. एफडीच्या पावत्या, विम्याची पॉलिसी, फ्लॅटचा करारनामा, डिमॅट खात्याचं एखादं जुनं स्टेटमेंट. घरात पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच येतो: हे सगळं आपल्या नावावर आलं, तर त्यावर कर किती भरावा लागेल?

वारसा मिळाला एवढ्या कारणासाठी भारतात एक रुपयाही कर नाही. पूर्वी होता. १९५३ च्या कायद्याने मृताच्या मालमत्तेवर ‘एस्टेट ड्यूटी’ लागत असे आणि तिचा सर्वात वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. वसुली जेमतेम आणि तिच्यावरचा खर्चच मोठा, या कारणाने अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १९८५ च्या अर्थसंकल्पात ती रद्द केली. १६ मार्च १९८५ पासून झालेल्या मृत्यूंना ती लागत नाही. दरवर्षी भरायचा संपत्ती करही २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. आजच्या प्राप्तिकरात वर्षभरात ५०,००० रुपयांवर भेट मिळाली तर ती उत्पन्नात धरतात. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेली मालमत्ता मात्र त्यातून स्पष्टपणे वगळली आहे. रक्ताचं नातं नसलेल्या मित्राने मृत्युपत्रात फ्लॅट ठेवला, तरी तो करमुक्तच येतो. तोच फ्लॅट त्याने हयातीत बक्षीस दिला असता, तर घेणाऱ्याला मुद्रांक मूल्यावर कर बसला असता.

‘वारसा करमुक्त’ एवढं ऐकून फाइल पुन्हा कपाटात जाते आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथून सुरू होतात. कारण कर तीन ठिकाणी उभा असतो: मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नावर, त्या दिवसापासून वाटणी होईपर्यंतच्या उत्पन्नावर आणि वारसाने ती वस्तू विकल्यावर होणाऱ्या नफ्यावर. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख ही या सगळ्या हिशेबातली रेघ आहे. रेघेच्या अलीकडचं मृताचं, पलीकडचं वारसांचं.

एक खुलासा आधीच करायला हवा. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा, २०२५ चा कायदा लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, या विषयातली तत्त्वं तीच राहिली. खाली १९६१ च्या कायद्यातले क्रमांक दिले आहेत, कारण जुन्या वर्षांच्या उत्पन्नाला तोच कायदा लागतो आणि निकालांमध्ये, नोटिसांमध्ये आणि सीएंच्या बोलण्यातही तेच क्रमांक येतात.

मृताच्या नावाचं रिटर्न

समजा, वडील २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्या नावाने किती रिटर्न भरायची? दोन. पहिलं २०२४-२५ या पूर्ण वर्षाचं. ते वर्ष ३१ मार्चला संपलं होतं, पण रिटर्न भरायच्या आतच ते गेले. दुसरं १ एप्रिल ते २० मे २०२५ या पन्नास दिवसांचं, जे पुढच्या वर्षीच्या मुदतीत भरायचं. घरच्यांच्या हातून बहुधा पहिलंच निसटतं. दुःखाच्या दिवसांत रिटर्नची मुदत केव्हा उलटून गेली ते कळतही नाही आणि मग विलंब शुल्क लागतं. करपात्र उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये, त्यावर असेल तर ५,०००.

पन्नास दिवसांचं उत्पन्न म्हणून सवलतही पन्नास दिवसांपुरती मिळते, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. करमुक्त मर्यादा पूर्णच मिळते: २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत चार लाख, जुन्या पद्धतीत साठीपुढे तीन लाख, ऐंशीपुढे पाच लाख. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरची कर-सूटही मिळते. म्हणून एप्रिल-मे मध्ये माणूस गेला तर त्या तुकडा-वर्षावर कर क्वचितच निघतो. पण पेन्शनमधून किंवा व्याजातून टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कर, कापलेला असतो आणि तो परत मिळवायचा तर रिटर्न भरावंच लागतं.

हे रिटर्न वारसदाराने स्वतःच्या लॉगिनमधून भरायचं असतं. वडिलांचा पासवर्ड माहीत आहे, ओटीपी येणारा मोबाइल घरातच आहे, म्हणून त्यांच्याच नावाने आत शिरून रिटर्न भरू नये. गेलेल्या माणसाने स्वतः पडताळणी केली असा त्याचा अर्थ होतो आणि पुढे चौकशी आली तर त्याचा खुलासा करता येत नाही.

पद्धत अशी. प्राप्तिकराच्या पोर्टलवर स्वतःच्या पॅनने लॉगिन करा. ‘ऑथराइझ्ड पार्टनर्स’मध्ये ‘रजिस्टर ॲज रिप्रेझेंटेटिव्ह असेसी’ निवडून नवी विनंती तयार करा. वर्ग निवडताना मृत व्यक्तीचा कायदेशीर वारस हा पर्याय घ्या. मृताचा पॅन, नाव, जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख भरा. सोबत मृत्यूचा दाखला, मृताचं आणि स्वतःचं पॅन कार्ड आणि वारस असल्याचा पुरावा जोडा. विभागाने मंजुरी दिली की तुमच्याच लॉगिनमधून प्रतिनिधी म्हणून मृताच्या खात्यात जाता येतं आणि पडताळणी तुमच्या आधारवर होते. वारस चार असले तरी मृताचं रिटर्न एकच, म्हणून ही नोंदणी कोणी करायची ते आधी आपसात ठरवून घ्या.

विनंती अडते ती मुख्यतः वारसाच्या पुराव्यावर आणि नावावर. पुरावा म्हणून न्यायालयाचा वारस दाखला, महसूल अधिकाऱ्याने दिलेला वारस किंवा हयात कुटुंबीयांचा दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र, सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश, किंवा मृताच्या खात्याला नॉमिनी वा सहखातेदार कोण हे सांगणारं बँकेचं सही-शिक्क्याचं पत्र चालतं. घरी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतलेलं मृत्युपत्र कायद्याने वैध असतं, पण नोंदणी नसेल तर पोर्टलवर पुरावा म्हणून ते पुरत नाही. निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याच्या घरी पेन्शनचा आदेश असतोच, तो सर्वात सोपा. बाकीच्यांना बँकेचं पत्र लवकर मिळतं. महाराष्ट्रात दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो, पण त्याला महिने लागतात. रिटर्नची मुदत तोंडावर असेल तर त्याच्या भरवशावर थांबू नका.

नावाचं दुखणं वेगळं. पॅनवर ‘सुमन’, मृत्यूच्या दाखल्यावर ‘सुमनबाई’, बँकेत ‘सुमती’. रुग्णालयाच्या फॉर्मवर त्या गडबडीत कोणी काय लिहिलं ते कोणाला आठवत नाही आणि दाखला त्यावरूनच तयार होतो. दाखला हाती आला की त्याच दिवशी पॅनशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर जन्म-मृत्यू निबंधकांकडे लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या. पुढे विमा, बँक, डिमॅट, फेरफार, सगळीकडे हाच कागद लागणार आहे. त्याच्या दहा-बारा प्रती एकदमच घेतलेल्या बऱ्या.

परताव्याच्या बाबतीत घाई नडते ती अशी: वारस आधी मृताचं बँक खातं बंद करतात आणि मग रिटर्नमध्ये तोच खाते क्रमांक देतात. परतावा माघारी जातो. प्रतिनिधी म्हणून भरताना वारसाचं स्वतःचं, पोर्टलवर पडताळलेलं खातं द्यावं.

रेघेच्या दोन्ही बाजूंचं व्याज

सर्वाधिक घोळ एफडीत होतो, म्हणून एक हिशेब नीट मांडू. आईच्या नावावर ३० लाखांची ठेव, व्याज ७ टक्के, म्हणजे वर्षाचे २,१०,००० रुपये. आई ३० सप्टेंबर २०२५ रोजी गेली. १ एप्रिलपासून त्या दिवसापर्यंत १८३ दिवस होतात. २,१०,००० ला १८३ ने गुणून ३६५ ने भागलं की १,०५,२८८ रुपये येतात. हे आईच्या रिटर्नमध्ये. उरलेले १,०४,७१२ वारसांच्या उत्पन्नात, ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे.

बँकेला मात्र कोणी कळवलेलंच नसतं. ती वर्षभर आईच्या पॅनवर १० टक्के टीडीएस कापते, एकूण २१,०००. आता आईच्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर कापलेल्या कराची नोंद दाखवणाऱ्या विवरणात, पूर्ण २,१०,००० चं व्याज दिसतं आणि वारसाच्या फॉर्ममध्ये काहीच नाही. वारसाने आपल्या हिश्श्याचं व्याज प्रामाणिकपणे दाखवलं, तर त्यावर कापलेल्या १०,४७१ रुपयांच्या टीडीएसचं श्रेय त्याला मिळत नाही, कारण तो आईच्या पॅनला चिकटलेला असतो. सगळंच आईच्या रिटर्नमध्ये दाखवलं, तर मृत व्यक्तीने मृत्यूनंतर कमावल्याचं दाखवल्यासारखं होतं.

यावर जुन्या नियमावलीतला ३७बीए हा नियम आहे. उत्पन्न दुसऱ्याचं असेल तर टीडीएसचं श्रेयही त्याला देता येतं. त्यासाठी बँकेला एक घोषणापत्र द्यायचं. त्यात ज्याला श्रेय द्यायचं त्याचं नाव, पत्ता, पॅन, कोणत्या रकमेसाठी आणि कारण काय, हे लिहायचं. मग बँक आपल्या टीडीएस विवरणात वारसाचा पॅन टाकते. बँकेचं विवरण दर तिमाहीला जातं. तिमाही संपण्याआधी कळवलं तर काम सरळ होतं. नंतर बँकेला दुरुस्ती विवरण भरावं लागतं आणि त्यासाठी फेऱ्या माराव्या लागतात. म्हणून मृत्यूचा दाखला मिळाल्याबरोबर पहिलं पत्र बँकेला आणि घर भाड्याने दिलेलं असेल तर दुसरं भाडेकरूला. मोठं भाडं असेल तर भाडेकरूही टीडीएस कापत असतो आणि तोही मृताच्याच पॅनवर.

वाटणी होईपर्यंत

मृत्युपत्र नसेल आणि वारसांचे हिस्से ठरलेले असतील, तर मृत्यूनंतरचं उत्पन्न ज्याने त्याने आपल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. फ्लॅटचं भाडं दोन भावंडांत निम्मंनिम्मं, दोघांनाही आपापल्या निम्म्यावर ३० टक्क्यांची नेहमीची वजावट. भाडं एकाच्याच खात्यात येत असलं तरी.

मृत्युपत्र असेल आणि त्यात व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर नेमला असेल, तर कलम १६८ लागतं. मालमत्ता प्रत्यक्ष वाटून होईपर्यंत तिचं उत्पन्न एक्झिक्युटरच्या हाती, त्याच्या स्वतःच्या उत्पन्नापासून वेगळं करून मोजतात. एक्झिक्युटर एक असेल तर व्यक्ती म्हणून, दोन-तीन असतील तर व्यक्तींचा समूह म्हणून. वर्षाच्या मध्येच एखादी वस्तू मृत्युपत्रात सांगितलेल्या माणसाला देऊन टाकली, तर तिथून पुढे तिचं उत्पन्न त्याच्याकडे जातं. हे वेगळं रिटर्न दर वर्षी, वाटणी पूर्ण होईपर्यंत भरायचं. एक्झिक्युटरने सगळं उत्पन्न आपल्या वैयक्तिक रिटर्नमध्ये घातलं तर त्याच्या दराने विनाकारण जास्त कर बसतो.

आपल्याकडे आणखी एक समजूत घट्ट आहे: वडिलांचं ते वडिलोपार्जित, म्हणून ते हिंदू अविभक्त कुटुंबाच्या पॅनवर दाखवायचं. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मुलाकडे येते ती त्याची स्वतःची म्हणून, कुटुंबाची म्हणून नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८६ मध्येच स्पष्ट केलं आहे.

आजोबांनी नातवाच्या नावे ठेव ठेवली असेल आणि नातू अठराच्या आतला असेल, तर ठेव त्याची, पण व्याज आई किंवा वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात.

काही रकमा मात्र कोणाच्याच हाती करपात्र नाहीत. मृत्यूमुळे मिळालेली विम्याची रक्कम पूर्ण करमुक्त, हप्ता कितीही मोठा असो. अपवाद कंपनीने आपल्या महत्त्वाच्या माणसावर घेतलेल्या कीमॅन पॉलिसीचा. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि मृत्यूनंतर नॉमिनीला मिळणारी एनपीएसची रक्कमही करमुक्त. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र करपात्र आहे आणि ते पगाराखाली नव्हे, ‘इतर उत्पन्ना’खाली येतं. त्यातून एक तृतीयांश किंवा ठरलेली मर्यादा, यांतलं जे कमी ते वजा होतं. मर्यादा जुन्या पद्धतीत १५,००० आणि नव्या पद्धतीत २५,०००. पगारदाराची ७५,००० ची प्रमाणित वजावट इथे लावली की हिशेब चुकलाच.

मृताचे शेअर बाजारातले तोटे त्याच्याबरोबर संपतात. वडिलांचा पुढे ओढत आणलेला भांडवली तोटा मुलाला आपल्या नफ्यातून वजा करता येत नाही. धंद्याचा तोटा मात्र, वारसाने तोच धंदा वारसाहक्काने चालवला तर, उरलेल्या वर्षांसाठी पुढे नेता येतो.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

बँक किंवा डिमॅट कंपनी पैसे आणि शेअर नॉमिनीच्या हाती देते, म्हणून उत्पन्नही त्याचंच असं घरात गृहीत धरलं जातं. शेअरच्या बाबतीतसुद्धा नॉमिनी मालक ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. तेव्हा लाभांश आणि व्याज करासाठी खऱ्या वारसांचं.

यातून एक तांत्रिक त्रास होत असे. थोरल्या भावाकडे नॉमिनी म्हणून आलेले शेअर त्याने बहिणीच्या डिमॅटमध्ये तिचा हिस्सा म्हणून पाठवले, की विभागाच्या यंत्रणेला ती विक्री वाटे आणि भावाला भांडवली नफ्याबद्दल विचारणा येई. सेबीने यासाठी ‘टीएलएच’ हा वेगळा कारण-कोड आणला, १ जानेवारी २०२६ पासून. शेअर वारसांकडे वळवताना अर्जावर हे कारण नोंदवलं गेलं आहे की नाही, ते पाहून घ्या.

थकलेला कर आणि नोटीस

मृताचा कर थकला असेल तर वारसाला तो भरावा लागतो, पण आलेल्या मालमत्तेपुरताच. कलम १५९ तसं सांगतं. वडिलांची मालमत्ता ४० लाखांची आणि मागणी ४६ लाखांची असेल, तर वारसाच्या स्वतःच्या पगाराला किंवा घराला सहा लाखांसाठी हात लावता येत नाही. मात्र मागणी बाकी असताना वारसाने ती मालमत्ता विकली किंवा कोणाला देऊन टाकली, तर गेलेल्या वस्तूच्या किमतीपुरता तो स्वतः जबाबदार होतो. म्हणून वाटणीआधी मृताच्या खात्यात थकीत मागणी दिसते का, ते पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून पाहून घ्या. बरेचदा ती दहा-बारा वर्षांपूर्वीची, चुकीच्या टीडीएस जुळणीतून निघालेली असते आणि एका दुरुस्ती अर्जाने जाते.

मृत व्यक्तीच्या नावाने काढलेली नोटीस वैध नाही, असं उच्च न्यायालयांनी अनेकदा म्हटलं आहे. ती वारसाच्या नावाने, प्रतिनिधी म्हणून यायला हवी. पण म्हणून पाकीट फाडून टाकू नका. पहिल्याच उत्तरात मृत्यूचा दाखला जोडून, नोटीस मृताच्या नावाने असल्याची हरकत लेखी नोंदवा. हरकत न घेता वर्षभर उत्तरं देत राहिलं की पुढे तो मुद्दा कमकुवत होतो.

विकताना

कराची मोठी रक्कम जाते ती इथे आणि चूकही इथेच सर्वात महाग पडते.

वारसाहक्काने मालकी बदलली तो व्यवहार विक्रीत मोडत नाही. तुम्ही विकता तेव्हा खरेदीची किंमत म्हणून वडील गेले त्या दिवशीचा बाजारभाव धरता येत नाही. ज्याने शेवटचे पैसे मोजून ती वस्तू घेतली त्याची किंमत धरायची. आजोबांनी घेतली, वडिलांकडे आली, मग तुमच्याकडे, तर आजोबांची किंमत. मालकीचा काळही तिथपासून मोजतात, म्हणून वारशाने मिळून दोन महिन्यांत विकलेलं घरही दीर्घकालीन ठरू शकतं. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीचं बाजारमूल्य घेता येतं. जमीन आणि इमारतीसाठी ते त्या तारखेच्या मुद्रांक मूल्याच्या, म्हणजे तेव्हाच्या रेडी रेकनरच्या वर नेता येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यावा.

आकड्यांत पाहू. वडिलांनी १९९४ मध्ये ३ लाखांना फ्लॅट घेतला. १ एप्रिल २००१ चं मूल्य ६ लाख. ते २०१९ मध्ये गेले, तेव्हा भाव ४८ लाख. भाऊ-बहिणीने डिसेंबर २०२५ मध्ये तो ६० लाखांना विकला. ‘४८ चे ६० झाले, नफा १२ लाख’ हा हिशेब चूक. नफा ५४ लाख, प्रत्येकी २७ लाख. साडेबारा टक्क्यांनी ३,३७,५०० आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून ३,५१,००० प्रत्येकी.

२३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-घरासाठी निवासी व्यक्तीला दुसरी वाटही आहे: महागाई निर्देशांक लावून २० टक्के. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६, म्हणून ६ लाखांचे २२.५६ लाख होतात, नफा ३७.४४ लाख, प्रत्येकी १८.७२ लाख आणि कर ३,७४,४०० अधिक उपकर. इथे साडेबाराची वाट स्वस्त पडली. भाव फारसा वाढला नसेल अशा ठिकाणी उलटं होतं, म्हणून दोन्ही हिशेब करून पाहावेत. निर्देशांक मृत्यूच्या वर्षापासून लावायचा की मूळ मालकाच्या काळापासून, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये वारसांच्या बाजूने, मूळ मालकाच्या काळापासून, असा सोडवला.

जुना करारनामा सापडत नाही, हे नेहमीचं. दुय्यम निबंधक कार्यालयातून नोंदणीची प्रत आणि सूची क्रमांक दोन काढता येते. गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरातही प्रत असते. वडिलांनी नंतर बांधलेल्या खोलीच्या, वाढवलेल्या मजल्याच्या पावत्या जपा, तो खर्चही किमतीत धरता येतो. मूळ मालकाची किंमत काही केल्या कळतच नसेल, तर त्याच्याकडे मालकी आली त्या दिवसाचं बाजारमूल्य घेण्याची सोय कायद्यात आहे.

कर वाचवण्याचे नेहमीचे मार्ग वारसालाही खुले आहेत: दोन वर्षांत दुसरं घर घेणं, किंवा सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत ठराविक रोख्यांत पाच वर्षांसाठी गुंतवणं. वडिलांनीच घर विकून पैसे भांडवली नफा खात्यात ठेवले आणि नवं घर घेण्याआधी ते गेले, तर? खात्यातली न वापरलेली रक्कम वारसाच्या हाती करपात्र नाही, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं ६ मे १९९६ चं परिपत्रक क्रमांक ७४३ सांगतं. बँकेतल्या माणसालाही हे ठाऊक नसतं, म्हणून परिपत्रकाची प्रत सोबत न्यावी.

एका वारसाने हक्कसोड पत्र करून हिस्सा भावाला फुकट सोडला तर त्यावर भांडवली नफा नाही. पैसे घेऊन सोडला तर ती त्या हिश्श्याची विक्रीच. आणि विकणाऱ्यांत एखादी बहीण परदेशात स्थायिक असेल, तर खरेदीदाराने तिच्या हिश्श्यावर नेहमीचा एक टक्का कापून चालत नाही. अनिवासींचा टीडीएस कापावा लागतो. खरेदीदाराला हे नोंदणीच्या आदल्या दिवशी कळलं की व्यवहार तिथेच अडतो. तिने आधीच विभागाकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र काढून ठेवलं तर पैसे अडकत नाहीत.

गावाकडची शेतजमीन बहुतेक वेळा या हिशेबातून सुटते, कारण ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ताच नाही. पण नगरपालिकेच्या हद्दीपासूनचं अंतर सरळ रेषेत मोजा: लोकसंख्या दहा हजारांवर असेल तर २ किलोमीटर, एक लाखावर ६, दहा लाखांवर ८. त्या आत असेल तर कर लागतो, सातबारावर ऊस असला तरी.

लॉकर आणि कपाट

आईचं सोनं लेकी-सुनांत वाटलं तर कर नाही, विकलं तर वरच्याच नियमाने भांडवली नफा. प्रश्न येतो तो पुराव्याचा. लॉकर उघडताना बँक जी यादी करते तिची सही-शिक्क्याची प्रत घ्या, दागिन्यांचं वजन लिहा, फोटो काढा, कोणाला काय दिलं त्याच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या. छाप्याच्या वेळी विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅम दागिने जप्त करू नयेत अशी १९९४ ची सूचना आहे. ती जप्तीपुरती आहे, बाळगण्याची मर्यादा नव्हे. पुराव्यासह वारशाने आलेल्या सोन्याला मर्यादा नाही.

रोख रक्कम अधिक नाजूक. कपाटात सापडलेले सात लाख सरळ आपल्या खात्यात भरले आणि उद्या विचारणा आली, तर ‘आईचे होते’ एवढं पुरत नाही. आईने बँकेतून काढल्याच्या नोंदी, तिची पेन्शन, तिची जुनी रिटर्न यांच्याशी ती रक्कम जुळली पाहिजे. खुलासा अपुरा ठरला तर २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांत अशा रकमेवर अधिभार आणि उपकरासह ७८ टक्के कर बसत असे.

अमेरिकेतले शेअर

मोबाइलवरच्या ॲपमधून अमेरिकी कंपन्यांचे शेअर घेणारे आता अनेक घरांत आहेत. भारतात वारसा कर नाही, पण अमेरिकेत आहे, आणि तिथे न राहणाऱ्या परदेशी माणसालाही तो तिथल्या मालमत्तेवर लागतो. सूट फक्त ६०,००० डॉलर, त्यावर ४० टक्क्यांपर्यंत. भारत आणि अमेरिकेत वारसा कराबाबत करार नाही, म्हणून सुटकेची वाट नाही. मृत्यूनंतर नऊ महिन्यांत ७०६-एनए हा फॉर्म भरावा लागतो आणि तिथलं करखातं मोकळं करेपर्यंत ब्रोकर शेअर अडवून धरू शकतो. हे अमेरिकेत नोंदलेल्या ईटीएफनाही लागतं. भारतीय म्युच्युअल फंडातून तेच शेअर घेतले असतील तर नाही, कारण तिथे तुमच्या हातात भारतीय फंडाचं युनिट असतं.

पॅन सगळ्यात शेवटी

मृताचा पॅन परत करण्याला ठरलेली मुदत नाही, तरी पुष्कळ घरांत पहिल्या महिन्यातच तो रद्द करण्याची घाई होते. रिटर्न, परतावा, थकीत मागणीची दुरुस्ती, बँकेचं घोषणापत्र, डिमॅट बंद करणं, सगळीकडे तो चालू लागतो. दोन्ही रिटर्नची प्रक्रिया पूर्ण होऊन परतावा हाती आला, सगळी खाती बंद झाली आणि फॉर्म २६एएसमध्ये पुढच्या वर्षी एकही नवी नोंद दिसली नाही, की मग अधिकारक्षेत्रातल्या कर निर्धारण अधिकाऱ्याला मृत्यूच्या दाखल्यासह पत्र द्या आणि पोच घ्या. पॅन कार्डाची, दोन्ही रिटर्नच्या पोचपावत्यांची आणि मूळ करारनाम्याची एकेक प्रत त्याच फाइलमध्ये ठेवा. घर विकायची वेळ पंधरा वर्षांनी आली तरी हेच कागद लागतील.